विषाणूंच्या लॅबमधली माणसं

विषाणू जपायला उणे सत्तर अंशांचा फ्रीझर लागतो. किस्से मात्र चहाच्या टेबलावर उघडे ठेवले तरी वर्षानुवर्षं टिकतात, वर वाढतातही! पुण्यातल्या एका विषाणूंच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली. पेपर किती लिहिले ते बघून सांगावं लागेल, किस्से तोंडपाठ आहेत.

आमचे प्रमुख रिसबूड सर. बोलणं मोजकं आणि चेहरा कायम इस्त्री केलेला.

पुण्यात नव्या नव्या आयटी कंपन्या निघत होत्या तेव्हाची गोष्ट. एक दिवस सरांना फोन आला. पलीकडे एक तरुण, घाबराघुबरा.

"सर, आमच्या ऑफिसात व्हायरस शिरलाय!"

सरांनी लगेच पेन उघडलं. "किती जण पडलेत?"

"चाळीस, सर."

"लक्षणं?"

"स्क्रीन निळी पडते आणि मग काहीच चालत नाही."

सरांनी पेन बंद केलं. "इकडे पाठवू नका. आमच्याकडे आलेला व्हायरस आम्ही मारत नाही, वाढवतो!"

*

शिंदेमामा आमचे डास पकडणारे. डासांत कुठला विषाणू आहे ते तपासायचं, तर आधी डास जिवंत हवेत. धायरी तेव्हा अर्धी शेतं आणि अर्ध्या नव्या बिल्डिंगा अशी होती. एका गोठ्यात मामा भिंतीवरचे डास नळीने ओढून घेत होते. गोठ्याची मालकीण, एक आजी, बराच वेळ बघत राहिली.

"सरकारी काम हाय व्हय?"

"हो आजी."

"पगार मिळतोय?"

"मिळतो की."

"किती वर्सं झाली डास धरताय?"

"बावीस."

आजीने सगळ्या गोठ्यावरून नजर फिरवली.

"आन् आजून संपलं न्हाईत?"

*

डेंग्यूच्या सर्व्हेसाठी घरोघरी रक्ताचे नमुने घ्यायचे होते. माझ्या वाट्याला शनिवार पेठ आली! बेल वाजवली. एका आजोबांनी दार चार बोटं उघडलं.

"रक्ताचा नमुना हवा होता, आजोबा. थोडंसंच."

"आत्ताच दिलंय."

"कोणाला?"

"डासांना. त्यांच्याकडून घ्या."

दार बंद! लॅबमध्ये हे सांगितलं, तर सर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. शिंद्यांना पाठवा."

*

एकदा लॅबची जीप बिघडली आणि हॉस्पिटलमधून थर्माकोलचा खोका घेऊन मी रिक्षा शोधत उभी. तिघांनी मानच हलवली. चौथा थांबला, पण खोक्याकडे संशयाने बघत.

"आत काय आहे?"

खोटं बोलवेना. "तापाच्या पेशंटचं रक्त आहे. बर्फात, नीट पॅक केलेलं."

"मग बसा. मला वाटलं आइस्क्रीम. फार गळतं हो ते!"

*

आता हा शेवटचा. मी नवीन होते. उंदराला विषाणूचं इंजेक्शन देताना तो वळवळला आणि सुई ग्लोव्ह फाडून माझ्या बोटात गेली. त्या विषाणूवर औषध नव्हतं. दहा दिवस घरी थांबायचं आणि ताप येतोय का ते बघायचं, एवढाच इलाज. नवरा दिवसभर विनोद करायचा, पण थर्मामीटर त्याच्या खिशातच असायचा.

सर रोज सकाळी बरोबर सातला फोन करायचे.

"ताप?"

"नाही, सर."

खट्‌! फोन बंद. कशा आहात नाही, काळजी करू नका नाही. तिसऱ्या दिवशी मला रडू आलं. या माणसासाठी मी फक्त एक रीडिंग आहे, असं वाटलं.

दहाव्या दिवशीही तेच. "ताप?"

"नाही, सर!"

या वेळी खट्‌ झालं नाही. सर म्हणाले, "सोमवारी या. तुमची कामं मला करावी लागताहेत."

पुढे संक्रांतीला सरांच्या घरी हळदीकुंकवाला गेले. वहिनींनी माझा हात हातात घेऊन ते बोट निरखून पाहिलं.

"तूच का ती? अगं, ते दहा दिवस हे पहाटे पाचपासून फोनपाशी बसायचे. मी म्हणायची, लावा की एकदाचा! तर म्हणायचे, 'सातच्या आधी लावला तर तिला कळेल, मी घाबरलोय.'"