गेणबाचं व्हायोलिन

फाट्यावर एसटी सोडून बरंच चालणं झालं होतं, तरी बाजीराव तात्यांनी व्हायोलिनची पेटी काही मेघनाच्या हातात दिली नव्हती. उन्हाळ्यामुळं उजनीचं पाणी लांब मागं हटलं होतं. वाटेनं सावली म्हणून नव्हती.

"द्या की तात्या. घाम बघा केवढा आलाय."

"घाम माझा हाय. पेटी बापाची हाय." तात्यांनी पेटी या काखेतून त्या काखेत घेतली.

मेघना इंदापुरात त्यांच्या शेजारी राहायची आणि बालवाडीत शिकवायची. लहानपणी तिला त्रिशरण तात्यांनीच पाठ करून दिलं होतं. आता विहारातली वंदना तीच सांगायची. तात्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर हात ग्रीसमध्ये, पण बाबासाहेबांची जयंती आली की मांडी घालून बसायचे, व्हायोलिन छातीला टेकवायचे आणि सगळी वस्ती गात राहायची. गजाचे केस तुटले की बारामतीच्या टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचे मागून आणायचे. टांगेवाला म्हणायचा, "मास्तर, माझं घोडं टकलं करता का काय?"

आता तात्यांची बोटं आखडली होती. बुद्धपौर्णिमेला व्हायोलिन विहाराला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. त्यांचे वडील गेणबा इंग्रज साहेबाचा बंगला झाडायचे. साहेब विलायतेला परत गेला आणि व्हायोलिन गेणबाच्या घरात निघालं. तेव्हापासून गाव त्याला चोरीचा बाजा म्हणत आलं. गेणबानं कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"रोज पंचशीलात म्हनतो, न दिलेलं घेणार न्हाय," तात्या चालता चालता म्हणाले. "आन् चोरीचा माल बुद्धाम्होरं ठिवू का? चोरीचं निघालं तर परत घरी न्यायचं. मग कुनाला सांगायचंबी न्हाय."

खरं काय ते सांगणारी एकच जिवंत होती. गेणबाची धाकटी बहीण, ताईबाई. ती पळसदेवला पाण्याच्या कडेला नातवाकडं राहायची. दोघं पोचली तेव्हा ती दारात मिसरी लावत बसली होती.

"आलास? मला वाटलं, आता माझ्या मातीलाच येशील."

"तुझ्या मातीला वाजवायलाच आनलंय, आत्या."

"आजून न्हाय मेले. घिऊन जा परत."

पाणी पिऊन झालं. तात्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "आत्या, आबानं हे चोरलं व्हतं का गं?"

म्हातारीनं चूळ भरली.

"चोरायला आंगात धमक लागती. तुझ्या बापात कुठली? ह्या बाजाची मान मोडली व्हती. सायबानं जाताना उकिरड्यावर टाकलं. गेणबानं उचललं आन् सरसानं जोडलं."

"मग सांगायचं की! लोक चोर म्हनत व्हते."

"कसं सांगनार? चावडीम्होरं हुबा राहून समद्यांना सांगायचा, टाकलेलं उचलू नका, उतरलेलं नेसू नका, शिळा तुकडा घरात आनू नका. बाबासायबांनी सांगितलंय. मला पाटलिनीनं दिलेलं लुगडं परत करायला लावलं. मी फाटक्यात हिंडले वरीसभर! आन् ह्यो बाबा सोता उकिरड्यावरनं बाजा घिऊन आला."

ताईबाई हसली, मग थांबली.

"मी लई भांडले. तर म्हनला, ताये, चोर म्हटलं तर एकट्या गेणबाचं नाव जाईल. उकिरड्याचं कळलं तर गाव म्हनंल, ह्योच उचलतोय, मग तुमी बी उचला. समद्या वस्तीच्या हातात पुन्ना तुकडा दितील. तवा गप ऱ्हा. ऱ्हायले गप."

पेटी उघडून तात्यांनी व्हायोलिनच्या मानेवरून अंगठा फिरवला. सरसाची जाड रेघ तिथं होती. गेली कित्येक वर्षं ती त्यांच्या बोटाखालीच होती.

परतीच्या वाटेवर थोडं गेल्यावर त्यांनी आपणहून पेटी मेघनाकडं दिली.

"पोरी, तू वंदना सांगतीस. तू बोल. शील मोडतंय का?"

मेघनानं विचार केला. "टाकून दिलेलं होतं तात्या. ते कुणाचंच नव्हतं. नाही मोडत."

"मग पौर्णिमेला दिऊ."

उसाच्या बांधावर टेकून त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. वर बघितलं नाही.

"पर एक काम कर माझं. वंदना झाली की तू हुबी राहून सांग. माझा आवाज लागायचा न्हाय. गेणबा चोर न्हवता म्हन. आन् उकिरड्यावरनं उचललं, हेबी म्हन, ते गाळू नको. जरा मोठ्यानं सांग, बाया मागं बसत्यात."