काळी शिंगं

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. जुन्या जालन्यातल्या एका लाकूडकामाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकत होते. मी काढलेली नक्षी मशीन लाकडात कोरायचं.

वडीगोद्रीच्या एका शेतकऱ्याला नव्या घराच्या दारावर आपला पांढरा बैल हवा होता. मी बैलाचा फोटो सरळ कॉम्प्युटरला दिला. नमुन्याची फळी निघाली तेव्हा बैलाचं अंग सुरेख उठलं होतं, पण काळ्या शिंगांच्या जागी दोन खोल खाचा पडल्या होत्या. हाताने कोरणारे आमचे म्हातारे मिस्त्री हसत म्हणाले, "मॅडम, शिंगं उलटी डोक्यात घुसली की!" मशीन पांढरं ते उंच आणि काळं ते खोल धरतं, हे मला तेव्हा कळलं.

नमुना बघायला आलेला शेतकरी मात्र हसला नाही. "जमत नसंल तर मिस्त्रीकडून हातानं करून घेतो."

"जमतं," मी म्हणाले. "आधी बैल दाखवा."

त्याच्या गोठ्यात जाऊन मी बैलाच्या कपाळावरून, शिंगांच्या बुडापासून टोकापर्यंत हात फिरवला.

"ताई, भ्या वाटत न्हाई का?"

"कास्तकाराचीच लेक आहे मी."

परत येऊन फोटो बाजूला ठेवला आणि हाताला लागलेल्या उंचीप्रमाणे बैल नव्याने काढला. या वेळी शिंगं सगळ्यात पांढरी केली.

दुसऱ्या फळीवर शेतकऱ्याने बराच वेळ अंगठा फिरवला. "डावं शिंग जरा खाली वाकलंय, ते बी बराबर घेतलं तुम्ही. मंग लावा दार मशीनला."