न्हयवरल्या आंब्याच्या काड्या

धरणाची घळभरणी, म्हणजे बांधातली शेवटची फट बुजवणं, मे महिन्यात पूर्ण झाली आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी नदीकाठच्या आंब्याच्या बुंध्याला लागलं. गाव तोवर रिकामं झालं होतं. माणसं एप्रिलमध्येच वरच्या कातळावर, सड्यावरच्या पुनर्वसन वसाहतीत राहायला गेली होती. जाताना त्यांनी भिंतींचे चिरे, वासे, दारांच्या चौकटी आणि कौलं टेम्पोतून नेली. मागे घरांची जोती राहिली आणि झाडं राहिली.

गाव रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावरचं. वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीसाठी मी त्या वसाहतीच्या बातम्या करत होतो: नळाला पाणी येत नाही, शाळेची खोली अपुरी आहे, एसटी आत वळत नाही. जुलैच्या सुरुवातीला पाण्याची बातमी करायला गेलो तेव्हा एका नव्या घराच्या पडवीत तीन माणसं वाद घालत होती. घर एका विधवा बाईचं होतं, वय पंचाहत्तरच्या पुढचं. तिच्याशी वाद घालणारा तिचा धाकटा दीर होता. पस्तीस वर्षं मुंबईत गोदीत काम करून तो गावी परतला होता आणि शेजारच्या प्लॉटवर एकटा राहत होता. तिसरा माणूस मिरजोळ्याकडचा कलमं बांधणारा. वाद आंब्यांवरून होता.

हापूसचं कलम कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं. रायवळ आंब्याचं तसं नाही. तो कोयीतून उगवलेला असतो आणि त्याच्यासारखं दुसरं झाड नसतं. बुडणाऱ्या गावात असे चौदा आंबे होते आणि प्रत्येकाला नाव होतं: खोबऱ्या, साखऱ्या, शेपूचा वास येणारा शेप्या, देवळामागचा शेंदऱ्या. नदीकाठच्या झाडाला न्हयवरला म्हणत. दिराचं म्हणणं असं की पाणी चढायच्या आत सगळ्या झाडांच्या काड्या कापून आणायच्या, त्यांची कलमं बांधायची आणि ती वसाहतीत लावायची. याला कुणाचा विरोध नव्हता. विरोध होता तो क्रमाला.

"पयला न्हयवरला," म्हातारी म्हणाली.

"वयनी, तो आंबट आंबा. कोन खातो त्याला?"

"तुमी कदी खाल्लात, भावजी?"

तिनं असं का विचारलं ते मला नंतर कळलं. न्हयवरला उशिरा पिकत असे, जूनच्या अखेरीला. मुंबईहून मे महिन्यात आलेले चाकरमानी तोवर परत गेलेले असत. भाताची लावणी सुरू झालेली असे. चिखलातून वर आलेल्या बायका बांधावर बसून झाडाखाली पडलेले आंबे ओल्या हातांनी चोखत. म्हातारीनं हे पन्नास वर्षं केलं होतं. मुंबईत नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्यानं तो आंबा एकदाही चाखला नव्हता, दिरानंही नाही. "बाकीचे समदे मुंबईवाल्यांचे," ती म्हणाली. "ह्यो आमचा, हितं ऱ्हायलेल्यांचा."

कलमवाल्यानं काम समजावून सांगितलं. ज्या फांदीची काडी घ्यायची तिची पानं आधी कापायची, नुसते देठ ठेवायचे. आठ-दहा दिवसांत देठ आपोआप गळतात आणि टोकाचा डोळा फुगतो. मग काडी कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि कोयीतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या रोपावर बांधायची. म्हणजे प्रत्येक झाडाकडे दोनदा जावं लागणार होतं. एका झाडाची तीन कलमं बांधायची, म्हणजे एखादं तरी जगेल. शेवटी तो म्हणाला, "आणि प्रत्येक पिशवीला नावाची पट्टी बांधायची. मागनं मला शिव्या घालू नका."

दीर हसला. "झाडाचं आधार कार्ड काढतोस की काय? आमची झाडं आमी वळखताव."

"मोठी झाली की ओळखाल. कलमं सगळी सारखीच दिसतात."

"मग रांगेनं ठेव ना. नदीकडनं वर देवळापर्यंत. आमी तसंच चढताव."

पट्ट्या बांधल्या नाहीत. कलमवाल्याच्या मिरजोळ्याच्या मांडवात कलमं त्या रांगेनं उभी राहिली, पहिली तीन न्हयवरल्याची, शेवटची तीन शेंदऱ्याची. ऑक्टोबरच्या अखेरीला ती टेम्पोतून वसाहतीत आली. उतरवून घ्यायला पाच-सहा माणसं धावली. ज्याच्या हाताला जी पिशवी लागली ती त्यानं सावली बघून ठेवली. बेचाळीस कलमांपैकी एकोणतीस जगली होती. कुठली कुणाची, हे आता कुणालाच सांगता येईना.

कलमवाल्याचा फोन मला दिवाळीनंतर आला. "म्हातारी वासावरून सांगते म्हणतात. मी उद्या बघायला चाललोय. येणार तर या."

सकाळी नऊच्या सुमारास ती पडवीतून उतरली. कंबरेत वाकलेली होती, त्यामुळे कलमांपर्यंत पोचायला तिला आणखी फारसं वाकावं लागलं नाही. पहिल्या कलमाचं खालचं जून पान तिनं तोडलं, दुमडलं, अंगठ्यानं चुरगळलं, नाकाशी धरलं आणि मागे टाकून दिलं. "खोबऱ्या." पुढचं पान. "साखऱ्या." पुढचं. "ह्यो पन खोबऱ्या." मधे एकदा ती थांबली, पदराला हात पुसले, मग पुन्हा सुरू केलं. शेप्याचं पान तिनं नाकापर्यंतही नेलं नाही, चुरगळतानाच नाव सांगितलं. एका कलमाला एका पानापेक्षा जास्त लागलं नाही.

कलमवाल्याचा विश्वास बसला नव्हता. तीस वर्षांच्या कामात हापूस आणि पायरीची पानं त्यालाही वासावरून कळत होती, पण चौदा रायवळ झाडं म्हणजे वेगळी गोष्ट. त्यानं तिला पाठ करून बसायला सांगितलं. मग तो स्वतः पानं तोडून आणू लागला आणि कुठलं पान कुठल्या कलमाचं ते मला हळूच सांगू लागला. मी ते वहीत लिहून घेत होतो. दहा पानं झाली. दहाही वेळा तिनं आधी सांगितलेलंच नाव पुन्हा सांगितलं. अकराव्या वेळी त्यानं दहाव्या कलमाचंच दुसरं पान आणून दिलं.

"ह्यो मगाशी दिलास त्योच," ती वळूनही न बघता म्हणाली. "म्हातारीला खुळी समजलास काय रे?"

भोवती जमलेल्या बायका हसल्या. कलमवाला हसला नाही. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "नाही आजी. आता नाही."

मी वहीतली नावं मोजली. खोबऱ्या तीन, साखऱ्या दोन, शेप्या तीन, याप्रमाणे तेरा झाडांची नावं आली होती. न्हयवरल्याचं नाव आलं नव्हतं. शेंदऱ्याची कलमं पाच निघाली होती.

प्रत्येक झाडाची तीनच कलमं बांधली होती. पाच होणं शक्य नव्हतं.

हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं दिराकडे बघितलं. तो कलमांच्या दुसऱ्या टोकाला उभा होता आणि सकाळपासून एक शब्दही बोलला नव्हता. बोलला तो कलमवाला. "मला तेव्हाच दिसलं होतं. न्हयवरल्याच्या म्हणून आल्या त्या तीन काड्यांचे देठ गळलेले नव्हते. आदल्या दिवशी पानं कापल्यासारखे ओले होते. मला वाटलं, घाई झाली असेल."

"भावजी," म्हातारी म्हणाली.

दीर जवळ आला. जे झालं ते त्यानं सरळ सांगितलं. न्हयवरल्याची पानं त्यानं वेळेवर कापली होती. आठ दिवसांनी काड्या न्यायला गेला तेव्हा पाणी बुंध्याच्या वर चढलं होतं. "छातीभर होतं वयनी. ओढ होती. मना पवता येत न्हाय, तुमाला म्हाईत हाय." रिकाम्या हातानं परत यायचा धीर झाला नाही. देवळाकडे वर आला, शेंदऱ्याच्या आणखी तीन काड्या कापल्या आणि वेगळ्या फडक्यात बांधल्या. "मना वाटलं, आंबा तो आंबा. फळ धरायला पाच-सहा वर्षं. तोवर..."

"तोवर मी मरतेय, असंच ना?"

"तसं न्हाय, वयनी."

"मग कसं?"

ती उठून घरात गेली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा वसाहतीत गेलो तेव्हा दीर पडवीत बसला होता. त्याचं जेवण भावजयीकडे होतं. "भाकरी वाडते, बोलत न्हाय," तो म्हणाला. "बोलली असती नि भाकरी न्हाय दिली असती तर परवडलं असतं."

पहिल्या वर्षी धरण अर्धंच भरलं होतं. मार्चपासून पाणी उतरायला लागलं. एप्रिलमध्ये दीर रोज दुपारी धरणाच्या बांधावर जाऊन बसू लागला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला कळवलं, की झाड उभं आहे आणि वर थोडं हिरवं दिसतंय. भावजयीला त्यानं ते आदल्या दिवशी सांगितलं होतं. सहा महिन्यांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच: "कदी जायाचं?"

आम्ही चौघं सकाळी खाली उतरलो. म्हातारी पुढे, हातात काठी, मग दीर, कलमवाला आणि मी. गाव गाळाखाली गेलं होतं. गाळ वाळून भेगाळला होता आणि सगळीकडे एकसारखा राखाडी होता. चिरे आधीच नेलेले असल्यामुळे जोत्यांच्या जागी नुसते उंचवटे राहिले होते आणि पुष्कळ ठिकाणी तेही नव्हते. रस्ता म्हणून काहीच दिसत नव्हतं. नदी समोर सरळ खाली होती, पण म्हातारी सरळ चालत नव्हती. वीसेक पावलं गेली की ती डावीकडे वळे, मग उजवीकडे, मग थोडी चढून पुन्हा उतरे. मला वाटलं, ती वाट शोधते आहे. वेळ वाचवावा म्हणून मी तिरका निघालो.

"अवो, कुठं शिरलात?" ती थांबून म्हणाली. "लोकांच्या माजघरातनं चाललात तुमी."

मी जिथे उभा होतो तिथे गाळाशिवाय काही नव्हतं. दीर मागून शांतपणे म्हणाला, "मागं या. इकडनं पाणंद हाय." मी मागे फिरलो आणि त्यांच्या पावलांवरून चालू लागलो. मग लक्षात आलं की तोही तिच्याबरोबर वळत होता, तिच्याकडे न बघता, कधी कधी तिच्या आधी. एका जागी दोघांनीही मान खाली घातली. मी विचारलं. "हितं पडवीचा वासा खाली हुता," दीर म्हणाला. सबंध गाव त्यांनी असं ओलांडलं, कोपऱ्याकोपऱ्याला वळसा घालत, कुणाच्याही अंगणात पाय न टाकता. मी पंचवीस वर्षं बातमीदारी केली आहे. पूर येऊन गेलेली, दरड कोसळलेली गावं पाहिली आहेत. बुडालेल्या गावातून माणसं अशी चालताना त्याआधी पाहिलेली नव्हती.

झाड नदीच्या काठावर होतं. खालच्या फांद्यांची साल सुटली होती आणि त्यांवर गाळाची रेघ होती. पाणी कुठवर चढलं होतं ते त्या रेघेवरून दिसत होतं. रेघेच्या वर एकाच फांदीला पानं होती. कलमवाला आकडी घेऊन वर चढला आणि एक पान तोडून खाली टाकलं. म्हातारीनं ते उचललं, चुरगळलं आणि नाकाशी धरलं. या वेळी तिला वेळ लागला. मग ती म्हणाली, "ह्योच."

ते पान तिनं दिराच्या हातात दिलं. "वास घ्या."

त्यानं घेतला.

"काय कळलं?"

"न्हाय," तो म्हणाला.

"मग गप कलमवाल्याला फांदी धरा."

दिरानं खालून आकडीनं फांदी वाकवून धरली. कलमवाल्यानं तिच्या शेंड्यांची पानं कापली, देठ ठेवले. नऊ दिवसांनी आम्ही त्याच वाटेनं पुन्हा उतरलो. देठ गळून गेले होते. काड्या पाच मिळाल्या. म्हातारीनं त्या आपल्या जुन्या लुगड्याच्या ओल्या तुकड्यात गुंडाळल्या आणि वर येईपर्यंत कुणाच्या हातात दिल्या नाहीत. कलमवाल्यानं सगळ्या रोपांना नावाच्या पट्ट्या बांधल्या.

त्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलं. पुढच्या मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा झाड जागेवर होतं, पण एकही पान नव्हतं.

पाच कलमांपैकी तीन पहिल्याच महिन्यात वाळली. चौथं सड्यावर लावल्यावर उन्हाळ्यात गेलं. पाचव्यासाठी दिरानं कातळात पहारीनं खड्डा खणला, त्याला अकरा दिवस लागले. माती खालून, जुन्या शेतातून, डोक्यावरून आणली. कलम म्हातारीच्या मोरीचं पाणी जातं त्या बाजूला आहे. गेल्या जूनमध्ये मी मोजलं तेव्हा ते सव्वाचार फूट उंच होतं. म्हातारी हयात आहे. मोहोर अजून आलेला नाही.