सत्तेचाळिसाव्या दिवशी रुजू

आमच्याकडे आलेली लग्नपत्रिकासुद्धा माझ्या थोरल्या जाऊबाई उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकूनच फडताळात ठेवतात. सवयच तशी. सरकारी ऑफिसात आवक शाखेत त्यांची एकोणतीस वर्षं गेली. आलेलं पाकीट स्टीलच्या पट्टीने कापायचं, शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक, तारीख, कोणाकडून आणि विषय लिहायचा, मग कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर. फक्त विषय वाचायचा, मजकूर वाचायचा नाही, हा त्यांचा नियम. "सगळ्यांचा मजकूर वाचत बसले असते तर पहिल्याच वर्षी वेड लागलं असतं," असं त्या म्हणायच्या.

त्या खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. नोकरीत असताना संध्याकाळी ऑफिसातून आल्या की पर्स ठेवून, तोंड धुऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात यायच्या आणि जे काही निवडायचं, सोलायचं असेल ते पुढ्यात ओढून बसायच्या. त्यामुळे त्यांचं ऑफिस मला माझ्या माहेराइतकंच पाठ आहे. कोणाची खुर्ची करकरते, कोणाच्या डब्यावर कोणाचा डोळा असतो, सगळं.

त्यांच्याबरोबर एकाच परीक्षेतून आणखी तिघे निवडले गेले होते. एक जण वर्षाच्या आत बँकेत गेला, एकाने दुसऱ्या खात्यात बदली करून घेतली. उरले दोघे, जाऊबाई आणि सव्वानऊ. ऑफिस नऊचं, पंधरा मिनिटं उशीर चालतो. ती पंधरा मिनिटं हे गृहस्थ रोज पुरेपूर वापरतात, म्हणून सव्वानऊ. माणूस वाईट नाही. मोठ्याने बोलणारा, हातचं राखून काम करणारा, पण कोणाच्या घरी आजारपण असलं की पहिला धावणारा.

हजेरीत सव्वानऊंचं नाव वर, जाऊबाईंचं त्याखाली. उन्हाळ्याची रजा आधी ते ठरवणार, उरलेले दिवस जाऊबाईंना. ऑफिस नव्या इमारतीत गेलं तेव्हा खिडकीजवळची जागा त्यांनी घेतली आणि दारातलं टेबल जाऊबाईंकडे आलं. या सगळ्याचं कारण एकच. सव्वानऊ नेमणुकीचं पत्र मिळाल्यावर चौथ्या दिवशी रुजू झाले होते. जाऊबाई सत्तेचाळिसाव्या दिवशी.

पत्र आलं तेव्हा त्यांना नववा महिना होता. आठवड्याभरात माझ्या पुतणीचा जन्म झाला, तोही अवघड. रुजू व्हायची मुदत तीस दिवसांची. सासूबाईंनी दवाखान्यातूनच भाऊजींकडून अर्ज लिहून घेतला, भाऊजी सायकलवरून तो ऑफिसात देऊन आले, आणि जाऊबाई चाळीस दिवसांचं लेकरू सासूबाईंच्या स्वाधीन करून कामावर गेल्या. तेव्हाच्या हेडक्लार्कने हजेरी पुढे सरकवली. "उशिरा आलात बाई. खाली लिहा नाव." त्यांनी लिहिलं. तो क्रम दर महिन्याला नव्या पानावर उतरत गेला. लिहिणारे हात बदलले, क्रम तोच.

आता हेडक्लार्क निवृत्त होणार होते. ऑफिस लहान, ते पद एकच, आणि त्यावर इतकी वर्षं एकच माणूस ठाण मांडून होता. जाऊबाईंच्या निवृत्तीला पंधरा महिने राहिलेले, सव्वानऊंना पाच वर्षं. म्हणजे जाऊबाईंना मिळालं तर आत्ताच, नाही तर ज्या पदावर लागल्या त्याच पदावरून घरी.

एका सोमवारी कच्ची ज्येष्ठता यादी फळ्यावर लागली. कोणाला हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यावी. पहिलं नाव सव्वानऊंचं, दुसरं जाऊबाईंचं. यादी केली होती आस्थापना शाखेत नव्याने आलेल्या मुलीने. हुशार मुलगी, पण नवीन. तिने हजेरीपुस्तक उघडलं, नावं त्याच क्रमाने उतरवली आणि समोर रुजू झाल्याच्या तारखा टाकल्या. तारखाही क्रमाने जुळल्या, मग शंका कशाला येते?

शंका जाऊबाईंनाही आली नव्हती. शुक्रवारी मुख्यालयाचं एक परिपत्रक त्यांच्या टेबलावर आलं. विषय, 'ज्येष्ठता ठरवण्याबाबत'. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विषयाखालचा मजकूर वाचला. दोनदा वाचला. मग नोंद केली, कागद आस्थापनेत पाठवला, आणि संध्याकाळी माझ्यासमोर मटाराच्या शेंगा सोलत बसल्या. दाणे टोपल्यात आणि टरफलं ताटात टाकायची, तर त्यांचं उलटं चाललं होतं.

"ताई, काय झालं?"

"एकाच परीक्षेतून निवडलेल्या माणसांची ज्येष्ठता रुजू व्हायच्या तारखेवर नसते म्हणे. निवड यादीत ज्याचा नंबर वर, तो वर. मग तो चार दिवस आधी येवो की नंतर."

"मग तुमचा नंबर कितवा होता?"

"दुसरा."

"आणि सव्वानऊंचा?"

"चौथा." त्या टरफलांतून दाणे वेचायला लागल्या. "पण एक मेख आहे. मुदतीच्या आत रुजू व्हायला हवं. नाही तर मंजूर केलेल्या मुदतवाढीच्या आत. मंजुरी नसेल तर नंबर गेला."

"तुम्हाला मिळाली होतीच ना मुदतवाढ?"

"मिळाली होती. पण तो कागद मी रुजू होताना दिला. आज माझं सेवापुस्तक काढून पाहिलं. त्यात नुसती तारीख आहे. सत्तेचाळिसावा दिवस."

रविवारी खाली सगळे जमले. मुदतवाढीच्या पत्राची एखादी प्रत घरी राहिली असेल म्हणून पलंगाखालची सुटकेस निघाली. दवाखान्याचा कागद निघाला, नेमणुकीचं मूळ पत्र निघालं, एका पुडीत पुतणीची जन्मानंतर कापलेली नखंसुद्धा निघाली. ती प्रत काही निघाली नाही. भाऊजी खुर्चीत बसून पाहत होते.

"पंधरा महिन्यांसाठी कशाला वाकडेपणा घेतेस?" ते म्हणाले. "त्याच माणसाबरोबर डबा खातेस रोज."

"तुम्हीच सायकल मारत गेला होता ना अर्ज द्यायला? मग तो उगाच दिला होता का?"

पुतणी आता शाळेत शिकवते. ती म्हणाली, "म्हणजे आई, मी तुला एकोणतीस वर्षं मागे ठेवलं."

"तू नाही ठेवलंस. मी राहिले," जाऊबाई म्हणाल्या. "उशिरा आले ही माझीच चूक, असं धरून चालले. कोणाला विचारलंसुद्धा नाही."

हरकत देण्याआधी सव्वानऊंना सांगायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. मी म्हटलं, आधी कागद तर शोधा. तर म्हणाल्या, मागून कळलं तर त्यांना जास्त लागेल. सोमवारी डबा खाताना त्यांनी विषय काढला. सव्वानऊ आधी हसले.

"बाई, निवृत्तीच्या वेळी थट्टा सुचायला लागली तुम्हाला?"

"थट्टा नाही. परिपत्रक वाचा. मी दुसरी, तुम्ही चौथे."

सव्वानऊंनी डब्याचं झाकण लावलं. हेडक्लार्कचं टेबल कुठे हलवायचं हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं, हे जाऊबाईंना माहीत होतं. "मुदतवाढीचा कागद आहे?"

"शोधतेय."

"मग सापडला की बोलू," असं म्हणून ते उठले.

पुढचे तीन दिवस जाऊबाई जेवणाच्या सुट्टीत अभिलेख खोलीत होत्या. पत्र्याच्या मांडण्या, दोरीने बांधलेले गठ्ठे, आणि एक दिवा जो मनात आलं तरच लागतो. त्यांना हवी ती फाइल नव्हतीच. तसले कागद दहा वर्षांनी रद्दीत काढतात, आणि ही एकोणीस वर्षांपूर्वीच गेली होती. दुसरं कोणी असतं तर तिथूनच परत फिरलं असतं. पण जाऊबाईंना एक गोष्ट ठाऊक होती. कागद जातात, नोंदवह्या कायम ठेवतात. ऑफिसातून बाहेर गेलेलं प्रत्येक पत्र जावक नोंदवहीत असतंच, आणि त्यांना मुदतवाढ कळवणारं पत्र कधी तरी बाहेर गेलंच होतं.

गुरुवारी संध्याकाळी पदराला धूळ तशीच घेऊन त्या वर आल्या. "सापडली. दोन ओळींची नोंद आहे. माझं नाव, घरचा पत्ता, आणि विषय, 'रुजू होण्यास तीस दिवसांची मुदतवाढ'. अक्षर कोणाचं तरी गचाळ आहे, पण वाचता येतं."

शुक्रवारी त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला. आता ऑफिसात येणारा प्रत्येक अर्ज आवक शाखेत द्यायचा असतो. मग त्यांनी तो स्वतःलाच दिला. शिक्का मारला, क्रमांक घातला, विषय लिहिला, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि ती प्रत स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. खिडकीजवळून आवाज आला, "बाई, पोच नीट वाचून घ्या हो, देणारा माणूस कसा आहे कोण जाणे." सगळी शाखा हसली. जाऊबाईही हसल्या. सव्वानऊ मात्र बोलून झाल्यावर हसले नाहीत.

साहेबांनी दोघांनाही बुधवारी बोलावलं. साहेब नवे, बदलून आलेले, कागद बोटाने रेघ ओढत वाचणारे. आस्थापनेतली मुलगी बाजूला उभी, चेहरा पडलेला.

"मी हजेरीवरून केली, सर," ती म्हणाली. "हजेरीत क्रम चुकीचा असेल असं वाटलं नाही."

"हजेरी सही करायला असते," साहेब म्हणाले. "बरं, बाईंची नोंद पाहिली मी. तुमचं काय म्हणणं?"

सव्वानऊ तयारीने आले होते. "सर, बाईंबद्दल माझ्या मनात काही नाही. पण नोंदीत 'मुदतवाढ' एवढंच आहे. मंजूर की नामंजूर, ते कुठे लिहिलंय? नाकारल्याचं पत्रही याच विषयाने जाऊ शकतं."

मुद्दा बिनतोड होता. जाऊबाई मला नंतर म्हणाल्या, "खरं सांगू? त्या क्षणी मलाच शंका आली, की खरंच नाकारली होती की काय."

साहेबांनी विचारलं, "बाई, काही बोलायचंय?"

त्यांनी पर्समधून नेमणुकीचं मूळ पत्र काढलं, घडी उलगडली आणि टेबलावर ठेवलं. "साहेब, यातली सहावी अट वाचा."

साहेबांचं बोट खाली गेलं. तीस दिवसांत रुजू न झाल्यास नेमणूक आपोआप रद्द समजली जाईल.

"मुदतवाढ नाकारली असती तर सत्तेचाळिसाव्या दिवशी मला दारातूनच परत पाठवलं असतं. मला रुजू करून घेतलं, पगार दिला, एकोणतीस वर्षं काम करून घेतलं. मग ती मंजूर नव्हती तर मी इथे कोणत्या नात्याने बसले होते?"

सव्वानऊंनी ते पत्र स्वतःकडे ओढलं, सहावी अट वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "माझ्याही पत्रात हीच अट असेल. मी कधी वाचलीच नाही. गरजच पडली नाही."

पक्की यादी पुढच्या आठवड्यात लागली. पहिलं नाव जाऊबाईंचं. त्या दिवशी त्या वर आल्या नाहीत, मीच खाली गेले. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि भाऊजी त्यांच्यासाठी चहा करत होते, जो प्रकार मी त्या घरात क्वचितच पाहिला आहे.

"अभिनंदन हो ताई."

"हं." मग पाय खाली सोडत, "ते डबा घेऊन वेगळे बसले आज."

"बसतील पुन्हा. त्यांचं काय गेलं? तुमच्यानंतर तेच."

"मीही हेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, बाई, चौदा महिने म्हणजे काही कमी नाहीत. खरंच आहे. कमी असते तर मी तरी कशाला भांडले असते?"

चौदाचे प्रत्यक्षात तेरा महिने आणि अकरा दिवस झाले, कारण आदेश सहीसाठी वर अडकला होता. तेवढा काळ त्या हेडक्लार्क होत्या. फार काही उलथापालथ केली नाही. रजेच्या अर्जांचा गठ्ठा आठवड्याला निकाली निघायला लागला, आणि सगळ्यांची सेवापुस्तकं काढून एकेकाला समोर बसवून तपासून घेतली, त्यावर शाखा पुष्कळ कुरकुरली. सव्वानऊ दीड महिना वेगळे जेवले. मग एक दिवस भाजीला मीठ नाही म्हणून जाऊबाईंच्या टेबलाशी मीठ मागायला आले, ते तिथेच जेवून गेले.

निवृत्तीच्या दिवशी मी आणि पुतणी त्यांना आणायला गेलो होतो. भाषणं, हार, फोटो सगळं आटपलं होतं. फक्त कार्यभार द्यायचा राहिला होता. कपाटं, किल्ल्या, फाइली, शिक्के, सगळ्याची यादी करून जुन्याने द्यायची आणि नव्याने सही करून घ्यायची. यादी नऊ पानांची होती. सव्वानऊंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली, एकेक बाब मोठ्याने, आणि प्रत्येक बाबीसमोर कपाट उघडून खात्री.

पुतणी माझ्या कानाशी लागली. "काकू, गाडी खाली उभी आहे. हे मुद्दाम करताहेत का?"

"बाई, घाई आहे का तुम्हाला?" सव्वानऊंनी यादीतून मान वर न करता विचारलं.

"नाही हो," जाऊबाई म्हणाल्या. "वाचा. न वाचता सही मीच करू देणार नाही."

"तेच म्हणतोय. बाब बारा, लोखंडी कपाट, लहान, एक. कुलूप दुरुस्तीला आलेलं."

"ते किल्ली उलटी घातली की लागतं."

"तसं लिहा मग समोर."

त्यांनी लिहिलं. आम्ही दोघी भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसलो. नवव्या पानापर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला.