वरून नक्की काय पडणार?

अंदाज बरोबर आला की लोक विसरतात. चुकला की त्याचा किस्सा होतो. त्यामुळे आमच्याकडे किश्शांना तोटा नाही! स्टुटगार्टच्या टेकडीवर एका हवामान संस्थेत आम्ही दोन मराठी पीएचडीवाले होतो, मी आणि पुण्याची मुग्धा जोशी. हिवाळ्यात वरून नक्की काय पडणार, पाऊस की बर्फ, हा तिचा विषय.

*

पहिल्याच हिवाळ्यात एकदा जमिनीवर उणे एक तापमान होतं. सगळे म्हणाले, बर्फ! आमचे बॉस क्रेमरसाहेब लेकीसाठी बर्फावरून घसरायची नवी कोरी स्लेज गाडीत टाकून आले. पडला पाऊस, आणि पडल्या पडल्या गोठला. साहेब पार्किंगपासून दारापर्यंत घसरत, बसूनच आले. स्लेज गाडीतच राहिली!

मुग्धाने हवेत सोडलेल्या फुग्याचा आलेख पुढे ठेवला. "वर दीड किलोमीटरवर गरम हवेचा थर होता. बर्फ तिथेच वितळला."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बॉस कंबर चोळत म्हणाले, "पण हे काल सांगायचं होतं!"

तेव्हापासून ती त्या थराच्या मागे हात धुऊन लागली.

*

फुगा फुटला की त्याखालचं यंत्र कुठेही पडतं. एकदा एका आजींनी ते पार्सलने परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: "फार मळलं होतं, म्हणून साबणाने धुतलंय."

अहो, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र ते! मुग्धाने आजींना आभाराचं छान पत्र लिहिलं.

*

ज्याचा अंदाज चुकेल त्याने कूखन, म्हणजे केक आणायचा, हा ग्रुपचा नियम. आता पावसाचे थेंब कोरड्या हवेत सुकायला लागले की हवा आणखी गार होते आणि पावसाचा बर्फ होतो. मुग्धा नेमका तो कोरडेपणाच बघायला विसरायची. चार आठवड्यांत चार केक!

बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे वाढदिवस फार हो!"

"वाढदिवस नाही, प्रगती आहे ही!" मुग्धा म्हणाली.

*

आणि हा आमचा सगळ्यात लाडका किस्सा. मुग्धाचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. मुदतवाढ नाही मिळाली तर पीएचडी अर्धवट टाकून घरी. "पाऊस की बर्फ ते ओळखायची तुमची पद्धत चालते का बघू. हिवाळा संपू दे, मग सही," असं म्हणून बॉसनी अर्ज टेबलावर ठेवून दिला होता. तिच्यापेक्षा मलाच जास्त धाकधूक!

फेब्रुवारीत एका सकाळी मीटिंगमध्ये ती म्हणाली, "दुपारी दोननंतर पाऊस रस्त्यावर गोठणार." बाकी सगळ्यांचा अंदाज, साधा पाऊस. बाहेर तर लख्ख ऊन!

बॉसनी तिचा आलेख चांगला दहा मिनिटं पाहिला. मग आमच्यासमोरच फोन लावला.

"आई, आज दुपारी डॉक्टरकडे जाऊ नकोस. रस्ते घसरडे होणार आहेत... नाही, रेडिओवर नाही सांगितलेलं... आल्झो, म्हणजे... आमच्या इथल्या फ्राऊ जोशी म्हणतात."

फोन ठेवून त्यांनी पेन शोधलं, अर्ज पुढे ओढला आणि सही केली. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.