खाली त्याचंच नाव होतं

माझ्या धाकट्या भावाला नकारघंटा हे नाव मी ठेवलं आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. चहा घेतोस? नको. जरा बाहेर फिरून येतोस? नको. लग्नाचं काय ठरवलंस? नको. बाहेरच्या जगात तर त्याला नाही म्हणण्यासाठीच बसवलेलं आहे, तेही बिनपगारी. माणसाने छंद म्हणून काय काय करावं, पण लोकांना नाही म्हणण्याचा छंद असलेला माणूस मी आमच्या घराबाहेर पाहिला नाही.

खाली माझं शिवणाचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मी इस्त्रीचं टेबल टाकणार होते, तिथे याने आपलं टेबल आणलं. वर इंटरनेट नीट लागत नाही म्हणे. खरं म्हणजे त्याला एकट्याला बसवत नाही, पण तसं म्हणायची त्याची प्राज्ञा नाही. पोटासाठी तो एका कंपनीत नोकरी करतो, कारखान्यातल्या यंत्रांना लागणारे छोटे कॉम्प्युटर बनवणारी कंपनी आहे ती. तिचं काम दुपारपर्यंत आटोपतो आणि मग ते दुसरं काम उघडून बसतो. त्याचा जीव अडकलेला आहे तो त्या दुसऱ्या कामात.

हे दुसरं काम समजायला मला बरीच वर्षं लागली, तुम्हाला थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरच्या आत सगळ्यांच्या मुळाशी एक प्रणाली असते, तिला कर्नल म्हणतात. हा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं त्यात दुरुस्त्या सुचवतात आणि ईमेलने सगळ्यांसमोर पाठवतात. एकेका दुरुस्तीला पॅच म्हणतात, आमच्या धंद्यात ज्याला ठिगळ म्हणतात तेच. कर्नलच्या प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. ठिगळ त्याने ओळ न् ओळ वाचायचं, पटलं नाही तर परत पाठवायचं, आणि पटलं तर खाली स्वतःचं नाव घालायचं. नाव घातलं याचा अर्थ मी हे वाचलंय आणि उद्या काही झालं तर मला विचारा.

माझ्या भावाच्या वाट्याला जो भाग आला त्याची गंमत अशी, की कॉम्प्युटरचा प्रोसेसर काम करताना कुठून कुठे गेला याचा माग स्वतःच सोडत जातो. तो माग पकडून साठवणारं हार्डवेअर चिपमध्येच बसवलेलं असतं. ते चालू-बंद करणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो याच्या ताब्यात. कुठे काही बिघडलं की लोक तो माग काढत काढत चुकीपर्यंत पोचतात.

"म्हणजे माग काढणाऱ्या कुत्र्याची साखळी तुझ्या हातात," मी एकदा म्हटलं.

"साधारण तसंच," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढा होकार म्हणजे खूपच झाला.

सुरुवातीला त्याला यात मजा येत असे. कुठल्या कुठल्या देशातली माणसं त्याला ठिगळं पाठवत, हा वाचून उत्तर देई, आणि जेवताना मला सांगे की आज एकाने काय सुरेख लिहिलंय. मग ठिगळं वाढली. नव्या नव्या चिप निघाल्या, प्रत्येक कंपनीला आपली चिप या ड्रायव्हरमध्ये घुसवायची होती, आणि वाचणारा मात्र हा एकटाच. मानेला पट्टा आला, डोळ्यांत घालायचे थेंब आले. हल्ली तो स्क्रीनकडे बघतो तेव्हा दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसा बघतो. "कुणी मिळालं की सोडतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला झोपेतही पाठ म्हणता येईल.

आणि मिळणार कोण? तयार होईल असं वाटणारी माणसं येत, याचे चार नकार खात आणि दुसरीकडे निघून जात. मी त्याच्यावर चिडायचे. अरे, एखाद्याला हो म्हणून तरी बघ! तो म्हणायचा, "ताई, तू शिलाई वाकडी गेली तर उसवतेसच ना?" मी म्हणायचे, उसवते, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर असताना उसवत नाही.

टिकली ती एकटी एक बाई. तिला आम्ही दोघांनी कधी पाहिलेलं नाही. तिकडे कुठल्याशा विद्यापीठात प्रयोगशाळेची यंत्रं सांभाळते एवढंच माहीत. ती ठिगळं कमी पाठवी आणि प्रश्न फार विचारी. हे असंच का, ते तिथेच का, आणि समजा मध्येच वीज गेली तर? याने तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं. "आला शंकासुर," म्हणत तिची मेल उघडायचा, कपाळाला हात लावायचा आणि तरी तिला लांबलचक उत्तर लिहायचा.

याच्या उलट तो दुसरा. एका मोठ्या चिप कंपनीतला इंजिनिअर. त्याला मी घोडेस्वार म्हणते, कारण तो कायम घोड्यावर बसूनच आलेला असायचा. कंपनीची नवी चिप बाजारात येणार होती आणि तिच्यासाठी त्याला ड्रायव्हरमध्ये ठिगळांची भली मोठी माळ घालायची होती. माणूस वाईट नव्हता, त्याच्या मागे त्याचे साहेब लागलेले. हा नाही म्हणे, तो सुधारून पुन्हा पाठवी, हा पुन्हा नाही म्हणे. असं करत करत बहुतेक ठिगळं याला पटली आणि त्यांच्याखाली याने आपलं नाव घातलं. शेवटची दोनच राहिली.

त्या आठवड्यात याला सर्दी-तापाने धरलं होतं. घोडेस्वाराने माळ पुन्हा पाठवली आणि नवीन कर्नलमध्ये जाण्याची मुदत संपत आली होती. हा माझ्या शालीत गुरफटून कोपऱ्यात बसला, ती राहिलेली दोन ठिगळं वाचली, खाली नाव घातलं आणि माळ पुढे कर्नलच्या वरच्या राखणदारांकडे पाठवून दिली. "सुटलो एकदाचा," म्हणाला. मीही म्हटलं, बरं झालं बाबा, आता तरी सूप पी.

दोनेक आठवडे बरे गेले. मग एका दुपारी मी कोटाचं अस्तर कापत होते आणि मागे बोटांचा आवाज थांबला. एरवीही थांबतो, पण हा आवाज परत सुरूच होईना. वळून बघितलं तर हा खुर्चीत मागे रेलून बसलेला, तोंडावरचा रंग उडालेला.

"काय झालं?"

"शंकासुराची मेल आहे."

"मग? विचारलं असेल काहीतरी."

"विचारलंय," तो म्हणाला. "तिने विचारलंय, हे तुम्ही खरंच वाचलंत का?"

मला तिचा रागच आला. मग त्याने मला समजावलं. तो माग पकडायचा तर आधी तो साठवणारी जागा चालू करायची आणि मग माग सोडणारा भाग. बंद करताना बरोबर उलट. नळाखाली आधी बादली ठेवायची, मग नळ सोडायचा. आणि उचलायची वेळ आली की आधी नळ बंद, मग बादली. बादली आधी उचलली तर आपल्याकडे फार तर फरशी ओली होते. इथे मात्र सांडायला जागाच नसते, सगळं आतल्या आत तुंबतं आणि मशीन जागच्या जागी गोठतं. घोडेस्वाराच्या माळेत मधल्या एका ठिगळात आता बादली आधी उचलली जात होती.

"आणि ते तुला दिसलं नाही?"

"मी वाचलं तेव्हा बरोबर होतं. पुढच्या खेपेला त्याने ते बदललं. बंद व्हायला वेळ लागतो अशी तक्रार आली होती म्हणे, म्हणून क्रम फिरवला. आणि माझं नाव खाली तसंच राहू दिलं."

यांच्यात असा नियम आहे की नाव मिळाल्यावर ठिगळाला हात लावला, तर ते नाव काढून टाकायचं आणि पुन्हा तपासायला द्यायचं. घोडेस्वाराने ते केलं नव्हतं. मला तर मोकळं रानच मिळालं.

"मग चूक त्याची! लिही सगळ्यांसमोर. तुझ्या नावावर त्याने नको तो माल खपवला, असं स्पष्ट लिही."

त्याने ती मेल बंद केली. मग म्हणाला, "ताई, माळ माझ्यासमोर उघडी होती. मी एकेका ठिगळाच्या तळाशी बघत गेलो. खाली माझंच नाव होतं, म्हणून मी वरचं वाचलं नाही. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी वाचलं असतं."

हे ऐकून मला रडू आलं, ते मी अस्तरात तोंड घालून लपवलं. इतकी वर्षं जगाला नाही नाही म्हणणारा माणूस एकाच माणसाला न वाचता हो म्हणाला होता, आणि तो माणूस तो स्वतः होता. किती दमला असेल, हे मला तेव्हा कळलं.

नशीब एवढंच की नवा कर्नल अजून सगळ्यांसाठी बाहेर पडला नव्हता. पडला असता तर कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी बिघाड शोधायला माग चालू केला असता, काम झाल्यावर बंद करायला गेला असता आणि चालतं यंत्र त्याच्या डोळ्यांदेखत थिजलं असतं. घोडेस्वाराने याला एकट्याला लिहिलं, बोभाटा नको, गुपचूप दुरुस्त करू या, साहेब माझा जीव खातील. याने ते मुकाट्याने वाचून घेतलं आणि सगळ्यांसमोर चार ओळी लिहिल्या. या ठिगळात बंद करण्याचा क्रम उलटा झाला आहे, दुरुस्ती पाठवतो, तपासण्यात माझी चूक झाली, चूक दाखवणाऱ्या बाईंचे आभार. घोडेस्वाराचं नावही घेतलं नाही. मी असते तर घेतलं असतं.

मग त्याने शंकासुराला वेगळं पत्र लिहिलं. मी आता थकलोय, हा भाग तुम्ही सांभाळाल का? उत्तर आलं त्यात हो किंवा नाही काहीच नव्हतं, नुसते प्रश्न होते. मी मोठ्या कंपनीतली नाही, चालेल का? मला फार शंका येतात, लोक वैतागतील, चालेल का? मला एखादी गोष्ट कळली नाही तर मी ती अडवून धरली, तर चालेल का? हा प्रत्येक प्रश्नाखाली 'चालेल' लिहीत गेला. इतके होकार त्याने जन्मात दिले नसतील.

ती तयार झाली. आता उरली होती ती चूक, आणि ती त्याने स्वतः दुरुस्त करायला घेतली. मान धरली होती, तरी दोन दिवस त्यावर बसला, ठिगळ तयार केलं आणि रीतीप्रमाणे तिच्याकडे तपासायला पाठवलं. पाठवल्यावर मात्र त्याला चैन पडेना. दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालून त्याने माझी खडूची पेटी दोनदा पाडली.

"आता काय झालं?" मी वैतागून विचारलं. "तुझंच तर ठिगळ आहे. करेल पास."

"तीच तर भीती आहे," तो म्हणाला. "माझं आहे म्हणून पास करेल. नवीन आहे, मोठ्या माणसाला कशाला दुखवा, असं म्हणेल आणि खाली नाव घालेल. मग काय सुटलं? माझ्याजागी दुसरा मीच बसवला."

इतकी वर्षं रेटून थकलेला माणूस, सुटायची वेळ आली तर त्याला सुटता येत नव्हतं. मी त्याला बटणं निवडायला बसवलं, तेवढाच हाताला चाळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं. त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे आमच्या भाषेत सांगत गेला. "नाही. हे मला घेता येणार नाही. तुम्ही दाखवलेल्या जागी क्रम बरोबर झाला आहे. पण वीज वाचवायला मशीन आपोआप बंद होतं, तेव्हाही हे हार्डवेअर बंद करावं लागतं, आणि तिथे क्रम अजून उलटाच आहे. ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. कृपया दोन्ही ठिकाणी दुरुस्त करून पुन्हा पाठवा."

माझं डोकंच फिरलं. "काय बाई आहे! कालपर्यंत तुझ्याकडून शिकत होती आणि आज तुलाच परत पाठवते? एवढं सगळं दिलंस तिला!"

तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, लहानपणी हसायचा तसा. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने डोळे पुसले.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "मला दिसलंच नव्हतं ते."

"मग आता परत बसणार का त्याच्यावर?"

"बसतो ना. उठल्यावर."

मानेचा पट्टा काढून त्याने टेबलावर ठेवला आणि दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या जुन्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन आडवा झाला. मी शाल घालेपर्यंत त्याला झोप लागलीसुद्धा. मी शिलाई मशीन बंद केलं आणि हातानेच टाके घालत बसले.

थोड्या वेळाने कोटवाली बाई आली, फिटिंग बघायला. तिला बसायला जागा नव्हती. मी हळू आवाजात म्हटलं, "आज नाही, उद्या या." ती सोफ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, बरं नाही का त्यांना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "झोपलाय."