मेधाने सोडलेलं कलम

मेधा गेल्याचं मला तिच्या घरून नव्हे, विरोधी पक्षाच्या म्हाताऱ्या नगरसेवकाकडून कळलं. बेकरीच्या रांगेत त्याने माझा हात धरला, "तुमची मैत्रीण..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. नगरपालिकेत तिच्या प्रत्येक ठरावाला आडवा जाणारा माणूस! झोपेतच तिचं हृदय बंद पडलं होतं. आता महिना उलटून गेलाय, पण माझं तिच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही दोघी स्टुटगार्टला आलो त्या नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे. मी भिशी आणि महाराष्ट्र मंडळात रमले. ही बाई मात्र आमच्या चढावरची संध्याकाळची बस बंद केली म्हणून नगरपालिकेत भांडायला गेली आणि तिथलीच झाली. बस परत आणली, पुढे निवडूनही आली. इथे निवडणूक संपली की खांबांवरचे फलक उमेदवारांनाच उतरवावे लागतात. मेधा स्वतः शिडीवर चढायची, खाली शिडी धरायला मी. एका फलकावर तिच्या कपाळावर कुणीतरी 'घरी जा' असं खरडलं होतं. मी संतापले, तर ही वरून म्हणते, "अगं, घरीच तर चाललोय. कोपऱ्यावरून डावीकडे!"

मग ती बर्लिनला संसदेत गेली. आम्हाला वाटलं, चला, आपलं माणूस वर बसलं. आमच्या प्रत्येकाच्या मनात एकच काटा होता, तिकडे एकटे पडलेले आईवडील. नव्या कायद्याच्या मसुद्यात दोन कलमं होती. एकाने आम्हाला आईवडिलांना कायमचं इथे आणता आलं असतं, दुसऱ्याने परदेशी नर्सेसना त्यांची लहान मुलं लगेच आणता आली असती. वाटाघाटीत दोन्हींपैकी एकच टिकणार होतं. मेधा त्या समितीत होती. तिने आईवडिलांचं कलम सोडलं, नर्सेसचं राखलं आणि उरलेल्या कायद्याला मत दिलं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत तिच्याशी कुणी धड बोलेना. आरती झाल्यावर सतीश, आमच्यातला एक इंजिनियर, सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचं बरंय, मेधाताई. तुमच्या आई येतीलच खासदाराच्या ओळखीवर. आमचे बाबा मात्र नागपुरात एकटे मरणार." मेधाने त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. "नियम सगळ्यांना सारखाच आहे, सतीश." बस्स. गाडीत बसल्यावर मी तिला फाडून खाल्लं.

"त्याला दोन शब्द सुनवता आले नाहीत तुला?"

"काय सुनवू? आपल्याला फोनवर आईशी बोलता तरी येतं गं. त्या तान्ह्या पोरांना फोनमधली आई कळते का?"

"आणि तुझी आई?"

तिने सीटबेल्ट लावला. "चल, निघू या."

पुढच्या निवडणुकीत ती पडली. आमच्यातल्या ज्यांना मत होतं, त्यातले बरेच घरी बसले. गेल्या वर्षी सांगलीत तिची आई गेली. मेधा पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. सतीशचे बाबाही एकटेच गेले. ती चुकली का? मला खरंच ठरवता येत नाही. कधी नर्सबाईंची मुलं शाळेत जाताना दिसतात, आणि कधी सतीश दिसतो.

गेल्या रविवारी तिच्या नवऱ्याला, अनिरुद्धला, डबा द्यायला गेले. "वहिनी, तिचे कपडे आवरायला मदत कराल?" म्हणत, ते ठेवायला त्यांनी तळमजल्यावरची खोली उघडली. ही खोली कायम बंद असायची. आत तिचं कार्यालय असेल असंच मी समजत होते. आत एक बुटका पलंग होता, उशाशी हाक मारायची घंटा, कोपऱ्यात छोटं देवघर, आणि न्हाणीत बसून अंघोळ करायची खुर्ची. उशीवर दुकानाचं लेबल तसंच होतं.

"आईंसाठी," अनिरुद्ध म्हणाले. "कायदा होणार म्हणून तिने आधीच सगळं करून घेतलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी बर्लिनहून फोन आला, की खोलीला कुलूप घाल. आणि म्हणाली, हे कुणाला सांगायचं नाही. लोकांना वाटेल, मी दया मागतेय."

त्यांनी शब्द पाळला. मी नाही पाळणार. हे सतीशनेही वाचावं म्हणूनच लिहिलंय. मेधा, रागावलीस तर रागाव.